करिंथची रखडलेली वर्गणी

इ.स. ५५ च्या सुमाराची गोष्ट. यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी देऊ, असे ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या ख्रिस्ती मंडळीने वर्षभरापूर्वी मोठ्या उत्साहाने कबूल केले होते. त्या उत्साहाची बातमी उत्तरेला मासेदोनियात पोचली आणि तिथल्या मंडळ्यांनी ती ऐकून कंबर कसली. करिंथमध्ये मात्र काम सुरू होऊन मधेच थांबले. आता ही मंडळी स्थापन करणारा प्रेषित पौल मासेदोनियाच्या काही लोकांना घेऊन करिंथला यायचा होता आणि त्यांच्यासमोर थैली रिकामी निघाली असती, तर मंडळीइतकाच तोही तोंडावर पडला असता.

श्रीमंती आणि ख्रिस्ती विश्वास म्हटले की उपदेश बहुतेक वेळा येशूने सर्वस्व विकायला सांगितलेल्या श्रीमंत तरुणापाशी, उंटापाशी आणि सुईच्या नाकापाशी जाऊन थांबतो. तो प्रसंग एका माणसाचा आणि एका क्षणाचा आहे: तरुण खिन्न होऊन निघून जातो आणि त्याचे पुढे काय झाले ते कळत नाही. करिंथच्या प्रकरणात कुणालाच सर्वस्व विकायला सांगितलेले नाही. इथे आपापला धंदा करणारी माणसे आहेत. पैसा कधी बाजूला काढायचा, कुठे ठेवायचा, कुणाच्या हाती सोपवायचा आणि आपल्या हाती काय उरू द्यायचे, याची चर्चा करणारी पत्रे हाताशी आहेत. विश्वास मालमत्तेच्या आधी ठेवणे हे रोजच्या व्यवहारात कसे उतरते, कुठे अडते आणि का अडते, हे पाहायला नव्या करारात याहून चांगले प्रकरण नाही.

मागची बाजू

यरुशलेमची मंडळी गरीब का होती? ‘त्यांनी आरंभी जमिनी विकून खाल्ल्या आणि मग हात पसरले’ असे उत्तर हमखास ऐकू येते. मजकुरात त्याला आधार नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात विक्री झाली ती ज्याला जशी गरज पडेल तशी, आणि ती ऐच्छिक होती. जमीन विकून काही पैसे लपवणाऱ्या हनन्याला प्रेषित पेत्र स्पष्ट सांगतो की जमीन विकण्यापूर्वी तुझीच होती आणि विकल्यावरही पैसे तुझ्याच हाती होते. त्याचा गुन्हा लबाडीचा होता, पैसे मागे ठेवण्याचा नव्हे. दारिद्र्याचे जवळचे कारण दुष्काळ आहे. रोमी सम्राट क्लौद्य याच्या काळात, साधारण ४६ ते ४८ या वर्षांत, यहूदियात अन्नटंचाई झाली. अदियाबेनेची राणी हेलेना हिने मिसरमधून धान्य आणि कुप्र बेटातून सुके अंजीर विकत आणवून यरुशलेममध्ये वाटले, असे इतिहासकार योसेफस लिहितो. अंत्युखियाच्या मंडळीने त्याच निमित्ताने प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे पैसे जमवून बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती पाठवले होते.

पुढे यरुशलेमच्या मंडळीचे पुढारी याकोब, केफा (म्हणजेच पेत्र) आणि योहान यांनी पौलाशी हातमिळवणी केली आणि एवढेच सांगितले की गरिबांची आठवण ठेवा. पौलाची नंतरची सगळी धावपळ या एका वाक्यावर उभी आहे. करिंथशी त्याचा संबंध कधीचा, हेही बऱ्यापैकी ठरवता येते. डेल्फी इथल्या शिलालेखामुळे करिंथ ज्यात होते त्या अखया प्रांताचा रोमी अधिपती गल्लियो याची कारकीर्द ५१-५२ च्या सुमारास येते आणि पौल तेव्हा करिंथमध्ये होता.

पहिली योजना: चार वाक्यांत

इफिसहून करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल वर्गणीची पद्धत सांगतो. चारच वचने आहेत, पण एकही शब्द वायफळ नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, तुमच्यातल्या प्रत्येकाने, आपल्यापाशी, जसे यश मिळाले असेल त्या मानाने, काही बाजूला काढून साठवावे, म्हणजे मी आल्यावर वर्गणी गोळा करत बसावे लागणार नाही. मग तुम्हीच पारखून निवडलेल्या माणसांना पत्रे देऊन यरुशलेमला पाठवीन. योग्य वाटले तर मीही जाईन.

एकेक तुकडा पाहू. ‘प्रत्येकाने’ म्हणजे फक्त सधनांनी नव्हे. करिंथच्या मंडळीत नगराचा खजिनदार एरास्त होता, सगळ्या मंडळीचा पाहुणचार करणारा गायस होता, आणि दासही होते. रोमी कायद्याने दासाजवळचा पैसा मालकाचाच धरला जाई, पण तो वापरायची मुभा दासाला असे. म्हणजे त्यालाही थोडेफार बाजूला काढता येत होते.

‘जसे यश मिळाले असेल त्या मानाने’ हा तुकडा ऐकणाऱ्या यहूद्याच्या कानाला चटकन वेगळा लागला असणार. मंदिराची वार्षिक पट्टी ठरलेली होती: वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषामागे अर्धा शेकेल, श्रीमंताने जास्त देऊ नये आणि गरिबाने कमी देऊ नये. ही अट निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात आहे. पौलाने आकडाच ठेवला नाही. दशमांशाचाही उल्लेख केला नाही, ना इथे, ना वर्गणीवरच्या दुसऱ्या कुठल्या उताऱ्यात. दशमांश देणाऱ्यांनी तो खुशाल द्यावा. पण तो या उताऱ्यातून काढून दाखवता येत नाही.

आता ‘आपल्यापाशी’. हे वचन वाचून थैली फिरवण्याचा रिवाज सर्वत्र आहे, आणि त्यात वावगे काही नाही. मूळ ग्रीकचा सरळ अर्थ मात्र ‘स्वतःच्या घरी’ असा आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान ख्रिसोस्तोम यानेही तो तसाच घेतला. गरिबांसाठी घरात एक छोटी पेटी करा आणि प्रार्थनेला उभे राहता त्या जागेजवळच ती ठेवा, असे तो सांगतो. सल्ला अगदी कामाचा आहे. पेटी नजरेसमोर असली की प्रार्थना करताना ती रिकामी आहे की भरली, हे स्वतःलाच दिसते आणि दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

आठवड्याची लय का? रोजंदारीवर जगणाऱ्याच्या हाती मोठी रक्कम कधीच नसते. दिवसाची मजुरी एक दिनार. समजा एखाद्याने दर आठवड्याला पाव दिनार काढला, तर पन्नास आठवड्यांत साडेबारा दिनार होतात, म्हणजे जवळपास दोन आठवड्यांची मजुरी. हीच रक्कम पौल दारात उभा असताना एकदम मागितली असती, तर मजुराकडे नसती, आणि श्रीमंताच्या देणगीपुढे त्याला मान खाली घालावी लागली असती. (पाव दिनार हा आमचा उदाहरणापुरता आकडा, पत्रात कुठलाच आकडा नाही.) शेवटच्या घाईत जमवलेला पैसा श्रीमंतांचा असतो आणि त्याच्यामागून मानही श्रीमंतांकडे जातो. ज्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळीही एक उपाशी राही आणि दुसरा झिंगलेला असे, तिथे ही खबरदारी वरवरची नव्हती.

काम का थांबले

दुसऱ्या पत्रातून तीन कारणे वाचता येतात. तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण: इच्छा आधी आली आणि सवय मागे राहिली. वर्षभरापूर्वी तुम्ही इच्छाही केली आणि आरंभही केला, आता पुरे करा, असे पौल आठव्या अध्यायात म्हणतो. ज्यांनी योजना कुठेतरी राबवून पाहिली आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. मोठी घोषणा केली की मनाला काम झाल्यासारखे वाटते. घरच्या पेटीत मात्र तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर भर पडत नाही.

दुसरे कारण संशयाचे आहे, आणि ते खोल आहे. पौलाने करिंथकरांकडून स्वतःच्या निर्वाहासाठी काहीच घेतले नव्हते. तो तंबू शिवून पोट भरी, आणि कमी पडले ते मासेदोनियाकडून आलेल्या भावांनी पुरवले. त्याला वाटले, यामुळे सुवार्तेला अडथळा होणार नाही. करिंथमध्ये उलटेच झाले. त्या जगात आश्रयदात्याकडून पैसे घेणे म्हणजे नाते मान्य करणे; नाकारणे म्हणजे त्याचा अपमान. त्यात भर म्हणून जो माणूस स्वतःसाठी घेत नाही तोच दूरच्या गरिबांसाठी मोठी रक्कम मागू लागला. कुजबुज काय झाली ते बाराव्या अध्यायातल्या त्याच्या प्रतिप्रश्नांवरून कळते: तो चतुर आहे, त्याने आम्हांला युक्तीने धरले. मी पाठवलेल्यांपैकी कुणाच्या हातून तुमचा फायदा घेतला का, माझा सहकारी तीत याने घेतला का, असे त्याला विचारावे लागले. हा अध्याय आठव्या-नवव्याच्या आधी लिहिला गेला की नंतर, यावर अभ्यासकांत एकमत नाही. संशय होता हे मात्र दोन्ही बाजूंनी मान्य आहे.

तिसरे कारण नात्याचे. मधल्या काळात पौल आणि मंडळी यांच्यात कडाक्याचे भांडण झाले, अश्रू ढाळत लिहिलेले एक पत्र गेले, तीताने जाऊन समेट घडवला. मन दुखावलेले असताना हात आखडतो. पौलाने समेटाची बातमी सातव्या अध्यायात आनंदाने सांगितली आणि मगच आठव्यात पैशाचा विषय काढला. तो क्रम मुद्दाम राखलेला आहे, असे आम्हांला वाटते.

पैशाचे नाव न घेता

आठवा-नववा अध्याय मूळ ग्रीकमध्ये वाचणाऱ्याला एक गोष्ट चमत्कारिक वाटते: पैसा, चांदी, सोने यांपैकी एकही शब्द या दोन अध्यायांत येत नाही. पहिल्या पत्रात ‘वर्गणी’ हा रोखठोक व्यवहारी शब्द होता. इथे त्याच वस्तूला कृपा, सहभागिता, सेवा, आशीर्वाद अशी नावे आहेत. याला शब्दांची मखलाशी म्हणता येईल. पण ‘कृपा’ हा शब्द देवाने दिलेल्या गोष्टीलाही आहे, गरिबांना द्यायच्या रकमेलाही आहे आणि अध्यायांच्या शेवटी देवाच्या आभारासाठीही तोच आहे. पैसा जिथून येतो, जिथे जातो आणि जिथे परत पोचतो, ती सगळी वाट एकाच शब्दाची आहे. करिंथकर आपल्या खिशातले काढून देत आहेत ही कल्पनाच या भाषेत टिकत नाही.

पुरावा म्हणून तो श्रीमंतांना उभे करत नाही. मासेदोनियाच्या मंडळ्या छळाने गांजलेल्या आणि अठराविश्वे दारिद्र्यात होत्या. त्यांनी ऐपतीप्रमाणे आणि ऐपतीपलीकडे दिले, आणि आम्हांलाही यात वाटा द्या म्हणून त्यांनीच पौलाची आर्जवे केली. त्याआधी त्यांनी काय केले, हेही तो सांगतो: त्यांनी प्रथम स्वतःला प्रभूला दिले. विश्वास आधी आणि वस्तू मग, हा क्रम इथे उघड लिहिलेला सापडतो. ज्याने स्वतःला दिले त्याला पैशाची किंमत कळत नाही असे नाही. पैसा हे त्याला गमवायचे सर्वांत मोठे काही उरत नाही, इतकेच.

मग येते ख्रिस्ताचे उदाहरण: तो धनवान असता तुमच्यासाठी दरिद्री झाला. आणि लगेच पुढे, कुणाची चूक होऊ नये म्हणून, एक मर्यादा. दुसऱ्यांना आराम आणि तुम्हांला ओझे असे मला म्हणायचे नाही, समता असावी. ज्याच्याजवळ जे आहे त्या मानाने त्याचे देणे मान्य होते, जे नाही त्या मानाने नाही. दाखला मान्नाचा, म्हणजे अरण्यात इस्राएल लोकांना रोज मिळणाऱ्या अन्नाचा: ज्याने फार गोळा केला त्याला जास्त झाला नाही, आणि ज्याने थोडा गोळा केला त्याला कमी पडला नाही. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातली ही गोष्ट जाणणाऱ्याला तिचा पुढचा भागही आठवतो. सकाळपर्यंत साठवून ठेवलेल्या मान्नात किडे पडले. पौल तो भाग उच्चारत नाही; गरजच नव्हती.

नवव्या अध्यायात ‘जो हात राखून पेरतो तो हात राखून कापणी करील’ हे वचन येते. समृद्धीचा संदेश देणारे उपदेशक ते असे वापरतात की देणगी म्हणजे बियाणे आणि पीक म्हणजे देणाऱ्याच्या घरची भरभराट. हे वाचन पुढच्याच पाच वचनांत मोडते. देव पुरवतो ते कशासाठी? तुमच्यापाशी सदोदित पुरेसे असावे आणि चांगल्या कामाला उरावे म्हणून. सर्व बाबतीत संपन्न व्हावे ते उदारपणासाठी. ‘पुरेसे’ हा तिथला नेमका शब्द आहे. शिवाय मासेदोनियाची माणसे देऊनही गरीबच राहिली. पौल त्यांच्या घरी पीक आल्याची गोष्ट सांगत नाही.

देण्याच्या मनाबद्दल तो जे लिहितो त्याला मराठीत एक नेमका शब्द आहे: भिडेखातर. भिडेखातर देऊ नका. प्रत्येकाने मनात ठरवून द्यावे, कुरकुरत नको, भाग पडले म्हणूनही नको. म्हणून तर पौलाने स्वतः येण्याआधी माणसे पाठवली. पाहुण्यांसमोर मागितले असते, तर रक्कम कदाचित जास्त जमली असती, पण ती ओढून काढलेली ठरली असती. यात पौल स्वतः पूर्णपणे निर्दोष आहे असे म्हणवत नाही. मी तुमच्याविषयी मासेदोनियात अभिमानाने बोललो आहे, आता माझी लाज राखा, हे वाक्य भिडेच्या फार जवळ जाते. सक्ती नको म्हणणाऱ्यानेही थोडी तुलना वापरलीच. आज देणगीदारांच्या नावांच्या पाट्या लावणाऱ्यांनी मात्र याचा आधार घेऊ नये: पौल तुलना करतो ती मंडळ्यांची, एकाही देणाऱ्याचे नाव घेत नाही.

हिशोब आणि साक्षीदार

तीतासोबत दोन भाऊ पाठवले. एक सुवार्तेच्या कामात सर्व मंडळ्यांत नावाजलेला होता आणि त्याला मंडळ्यांनीच निवडले होते. त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द मुळात हात वर करून मत देण्याचा आहे. दुसरा पुष्कळदा पारखून पाहिलेला. कारण तो उघड सांगतो: एवढ्या मोठ्या देणगीच्या व्यवस्थेत कुणी आम्हांला दोष लावू नये; प्रभूच्या दृष्टीने आणि माणसांच्याही दृष्टीने जे चांगले तेच करायचे आहे. ‘देव पाहतो आहे, तेवढे पुरे’ हे वाक्य पैशाच्या बाबतीत पौलाला पुरेसे वाटले नाही. पैसे पाठवणारे, वाहणारे आणि मोजणारे हे सगळे एकाच माणसाच्या मर्जीतले असू नयेत, ही व्यवस्था त्याने स्वतःच्या विरुद्ध लावून घेतली.

धोका काल्पनिक नव्हता. त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी आशिया नावाच्या रोमी प्रांतातून (आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग) यरुशलेमच्या मंदिरासाठी निघालेले सोने रोमी अधिपती फ्लाक्कसने जप्त केले होते. अपामेयात शंभर पौंडांच्या जरा आत, लावदिकीयात वीस पौंडांहून थोडे अधिक. इ.स.पू. ५९ मध्ये त्याचा खटला चालला आणि प्रसिद्ध रोमी वक्ता किकेरो (सिसेरो) याने त्याचा बचाव केला. वजनाचाही प्रश्न असे. हजार दिनार चांदीत न्यायचे तर जवळजवळ चार किलोंचे ओझे; त्याच किमतीची सोन्याची चाळीस नाणी सुमारे तीनशे ग्रॅम भरतात, कारण एका सोन्याच्या नाण्याचे पंचवीस दिनार येत. चांदीची थैली चोराला लांबूनही दिसते आणि सोन्याची कमरेला लपते. म्हणून सोन्यात ठेवलेल्या पैशाला जास्त साक्षीदार लागतात.

यरुशलेममध्ये

करिंथने शेवटी दिले. रोमकरांना करिंथहून लिहिताना पौल मासेदोनिया आणि अखया या दोघांनी आनंदाने दिल्याचे नोंदवतो. ते ऋणीही आहेत, असे पुढे जोडतो: आत्मिक गोष्टींत त्यांना वाटा मिळाला, तर ऐहिक गोष्टींत त्यांनी सेवा करावी. आणि प्रार्थना मागतो ती दोन गोष्टींसाठी, यहूदियातल्या विरोधकांपासून सुटका व्हावी आणि ही सेवा पवित्र जनांना मान्य व्हावी. पैसे नाकारले जातील ही भीती त्याला होती. परराष्ट्रीयांचा पैसा घेणे म्हणजे परराष्ट्रीयांना भाऊ मानणे, हे घेणाऱ्यांनाही कळत होते.

५७ च्या वसंतात पौल यरुशलेमला निघताना त्याच्याविरुद्धचा कट उघडकीला आला, समुद्रमार्ग सोडून मासेदोनियातून वळसा घ्यावा लागला. सोबत सात जण: बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख व सकुंद, दर्बेकर गायस, तीमथ्य, आशियातले तुखिक आणि त्रफिम. त्यात करिंथचा कुणी नाही. पण अखयाने दिल्याचे रोमकरांच्या पत्रात स्पष्ट असल्याने यावरून फार काही उभारू नये. मिलेतला पौल इफिसच्या वडिलांना हात दाखवून म्हणाला की मी कुणाच्या सोन्या-चांदीची किंवा वस्त्राची हाव धरली नाही.

यरुशलेमच्या मंडळीने आनंदाने स्वागत केले आणि लगेच अडचण मांडली: पौल नियमशास्त्र सोडायला शिकवतो अशी हजारोंची समजूत आहे, तेव्हा नवस फेडणाऱ्या चार जणांचा खर्च त्याने उचलावा. नाजीराच्या (काही काळ देवाला वाहून घेतलेल्या माणसाच्या) नवसाला प्रत्येकी एक कोकरू, एक कोकरी आणि एक मेंढा लागे. म्हणजे चौघांची बारा जनावरे, शिवाय बेखमीर भाकरीची टोपली, अन्नार्पण आणि पेयार्पण. वर्गणी स्वीकारली की नाही, याबद्दल प्रेषितांची कृत्ये एक शब्द बोलत नाही.

पौलाने खर्च कबूल केला आणि मंदिरात गेला. दंगल पेटली ती तिथेच, आणि तीही हिशोबाचा साक्षीदार म्हणून आलेल्या त्रफिमावरून. लोकांनी इफिसच्या या माणसाला शहरात पौलाबरोबर पाहिले होते. त्याला आतल्या अंगणात आणले असे धरून चालले. परक्याने आत पाऊल टाकले तर मरणाला तोच जबाबदार, असे ग्रीकमध्ये कोरलेले दगड त्या अंगणाच्या कठड्यावर होते. त्यातला एक १८७१ मध्ये सापडला. जमावाने पौलाला ओढून मंदिराबाहेर काढले आणि शिपायांनी येऊन त्याला ताब्यात घेतले.

कैसरियात फेलिक्स सुभेदारापुढे त्याने सांगितले की मी बऱ्याच वर्षांनी माझ्या लोकांसाठी दानधर्म आणि अर्पणे घेऊन आलो होतो. फेलिक्स त्याला वरचेवर बोलावून घेई आणि गप्पा मारी, कारण याच्याकडून काही पैसे मिळतील अशी त्याला आशा होती. पैसे आले नाहीत. दोन वर्षांनी फेस्त त्या जागी आला तेव्हाही पौल कैदेतच होता.